दर सोमवारी मरणारी बॅटरी

मीटरताईचा राग गॅरेजच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. ती ओरडत असली तर खुशाल समोर उभं राहावं, चहा मागावा, दोन शब्द आपणही ऐकवावेत; काही बिघडत नाही. पण ती गप्प झाली की आपली गाडी ढकलत वळणापर्यंत न्यावी आणि तिथून काय होतंय ते बघावं. पन्नाशी उलटलेली काटकुळी बाई, केसांचा घट्ट बुचडा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि हातात पिवळ्या रबरी कव्हरातलं मल्टिमीटर. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान तिने तीस वर्षं चालवलं. खरं नाव तेवढं वीजबिलावर उरलं होतं.

दुकानाच्या दारात एक जुना बिस्किटांचा डबा होता. आत येणाऱ्याने अंगठी, घड्याळ, साखळी, कडं, जे काही धातूचं असेल ते त्यात टाकायचं आणि मगच बॉनेटजवळ जायचं. गिऱ्हाईक असो की पाहुणा. एकदा एक फौजदार आला. मनगटावर हे एवढं सोनेरी घड्याळ. म्हणाला, "बाई, मी कोण आहे माहीत आहे का?"

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "बॅटरीला माहीत नाही. काढा."

फौजदाराने काढलं. जाताना विसरून गेला आणि परत घ्यायला आला तेव्हा पुन्हा बोलणी खाऊन गेला, तो भाग वेगळा.

हा डबा उगीच नव्हता. ताईचा बापही याच धंद्यातला. ती अकरा वर्षांची असताना एका ट्रकच्या बॅटरीचं टर्मिनल तो आवळत होता. पाना लाल टोकावर, आणि बोटातली अंगठी टेकली पान्याला नि गाडीच्या पत्र्याला. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण बॅटरीतून सुटलेला करंट लोखंड वितळवतो, बोटाची काय कथा! अंगठी लाल झाली. निघेना. पोरीने पाण्याची बादली आणून बापाचा हात त्यात कोंबला, तेव्हा जो चर्र आवाज आला तो तिने जन्मभर कानात ठेवला. बापाच्या बोटाला पुढे कायम एक पांढरा वळसा राहिला. अंगठी नसून अंगठी घातल्यासारखा. बाप हसून म्हणायचा, "ही कुणी चोरणार नाही." पोरीला हसू येत नसे. तिचा राग जन्माला आला तो त्या बादलीत.

तर एका शनिवारी दुपारी शाळेच्या मुलांची व्हॅन दुकानासमोर येऊन थांबली. चालवणारे व्हॅनकाका. साठीचे, मऊ आवाजाचे, सतरा वर्षं एकच व्हॅन आणि एकच रस्ता. ते खाली उतरले, डब्याशी गेले, काढायला काही नव्हतंच, तरी सवयीने दोन्ही हात डब्यावर झटकले.

"ताई, शेवटचं बघा," ते म्हणाले. "या सोमवारी व्हॅन चालू झाली नाही तर मला घरी बसवणार आहेत मालक."

"का? काय खाल्लंत त्यांचं?"

"तीन सोमवार झाले. सोमवारी सकाळी बॅटरी ठार मेलेली. मंगळवार ते शुक्रवार ठणठणीत. दोनदा नवी बॅटरी घातली. मालक म्हणतात, रविवारी मी गाडीत बसून रेडिओ ऐकतो."

"ऐकता?"

"रेडिओ दोन वर्षांपासून बंद आहे, ताई."

"हे सांगितलंत?"

"सांगितलं. मग म्हणाले, दिवा लावून पेपर वाचत असाल. म्हातारपणी लक्षात राहत नाही म्हणाले. दिवा चालू ठेवून झोपणाऱ्याच्या हातात चौदा पोरं कशी द्यायची, म्हणाले." काकांनी खांद्यावरचा रुमाल उगीच झटकला. "पोरांच्या घरी सोमवारी सांगणार आहेत. सतरा वर्षं कुणाच्या पोराला ओरखडा नाही, ताई."

इथे ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातून मालक म्हणजे कोण, तर तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा! बाप गेल्यावर त्याला ती बापासारखंच 'जावईबापू' म्हणायची. पण बाप प्रेमाने म्हणत असे आणि ही दात खाऊन.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" ती कडाडली. "ज्याला स्वतःच्या गाडीतला रेडिओ बंद आहे हे ठाऊक नाही, तो दुसऱ्याची स्मरणशक्ती मोजतोय! आणा ती किल्ली इकडे."

शेजारच्या गाळ्यात तिचा नवरा गाड्यांच्या सीट शिवायचा. शांत माणूस. दिवसातला अर्धा वेळ तोंडात दोरा. तो आपल्या मशीनवरून म्हणाला, "अगं, आधी गाडीला तरी विचार. माणसांना नंतर झाड."

दुकानात आणखी एक रीत होती. मीटरला तीन भोकं असतात. काळी वायर कायम एकाच भोकात. लाल वायरीला मात्र दोन घरं: एक व्होल्ट मोजायचं, एक करंट मोजायचं. लाल वायर करंटच्या भोकात राहिली आणि तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावली, तर मीटर मोजत नाही. ते सरळ बॅटरीची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतं. म्हणून करंट मोजून झाला की लाल वायर ताबडतोब 'घरी', म्हणजे व्होल्टच्या भोकात. आणि ताई बॅटरीला हात घालण्याआधी जवळ असेल त्याने विचारायचं, "लाल कुठे?" तिने म्हणायचं, "घरी." बहुतेक वेळा नवराच विचारी, मशीनवरून मान न उचलता. तीस वर्षांत संसारात दोघं एवढं नेमाने दुसरं काही बोलली नसतील.

"लाल कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"घरी." तिने टोकं लावली. बारा पूर्णांक चार. बॅटरी बरी होती. गाडी चालू करून पुन्हा लावली. चौदा पूर्णांक दोन. म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरतेही आहे. "म्हणजे पिणारा दुसराच कुणी आहे," ती म्हणाली. "गाडी झोपली की उठून पितो."

तिने गाडी बंद केली, किल्ली डब्यात टाकली, काळ्या बाजूचं टर्मिनल दहाच्या पान्याने सोडवलं. सोडताना काळं आधी, जोडताना काळं शेवटी, हे बापाच्या बोटाने शिकवलेलं. मग लाल वायर करंटच्या भोकात घालून मीटर मधोमध जोडलं, असं की बॅटरीतून जे जाईल ते मीटरमधून जावं. उघड्या दाराच्या कुलपात पेचकस फिरवून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं आणि सगळ्यांना दम भरला, "अर्धा तास कुणी दार उघडायचं नाही, टेकायचं नाही, किल्लीला हात लावायचा नाही. गाडी झोपू द्या."

काका पायरीवर टेकले. "एक मात्र आहे," ते म्हणाले, "या व्हॅनची माझ्यावर अजून माया आहे. हल्ली सकाळी सीटवर टेकलं की पाठीला छान ऊब लागते. दुखणारी पाठ मोकळी होते."

"ऊन येत असेल," नवरा म्हणाला.

"सहाला कसलं ऊन! असेल काहीतरी. म्हाताऱ्याची सोय केली गाडीने."

हे वाक्य तिघांनीही ऐकलं आणि तिघांनीही सोडून दिलं. काखेत कळसा गावाला वळसा, दुसरं काय!

अर्ध्या तासाने मीटरवर आकडा स्थिर झाला. शून्य पूर्णांक अडुसष्ट अँपिअर. झोपलेल्या गाडीने याच्या विसाव्या हिश्शाने प्यावं. ताईने खडूने जमिनीवर हिशोब मांडला. एका रात्रीत दहाएक जातात. दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत भरून निघतात. पण शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ बासष्ट तास. बासष्ट तासांत बेचाळीस. आणि बॅटरी होती पंचेचाळीसची.

"काका, तुम्ही रविवारी गाडीत बसून बारा पेपर वाचलेत तरी चालेल," ती म्हणाली. "चोर सापडला नाही अजून, पण चोरी सापडली."

नेमके तेव्हाच जावईबापू आले. इस्त्रीचा शर्ट, तीन अंगठ्या, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. डब्याकडे न बघता थेट बॉनेटशी.

"डबा," ताई म्हणाली.

"ताई, मी काही हात लावायला आलो नाही. बघायला आलोय. काय म्हणतात तुमचे म्हातारबुवा?"

"हा आकडा बघा. गाडीत काहीतरी करंट खातंय. काकांचा काही संबंध नाही."

"आकडा काय हो, तुमचं मीटर, तुमचं बटण. फिरवाल तसा फिरेल. मला तर वाटतं बॅटरीच बोगस, नाहीतर माणूस."

"बॅटरी बोगस?"

"नाहीतर माणूस, म्हटलं ना."

काका उभे होते, ते पुन्हा खाली बसले. ते बसणं ताईने पाहिलं आणि तिचा तोल गेला. "थांबा, दाखवते तुम्हाला बॅटरी!" म्हणून तिने मीटर ओढून काढलं, टर्मिनल जागेवर बसवलं आणि दोन टोकं घेऊन बॅटरीवर वाकली. शेजारी नवऱ्याने हे बघितलं. त्याच्या तोंडात नेमका दोरा होता. तो थुंकून "लाल..." म्हणेपर्यंत टोकं टेकली होती.

फट्!

निळी ठिणगी, जळका वास. लाल वायरीचं टोक काळं पडून वाकलेलं. ताई दोन पावलं मागे. लाल वायर अजून करंटच्या भोकात होती. तीस वर्षांत पहिल्यांदा ती घरी गेली नव्हती.

मीटर फुटलं नाही, कारण त्याच्या पोटात अस्सल फ्यूज होता, चिनी मातीचा, आत वाळू भरलेला. तो स्वतः मेला आणि हात वाचवला. पलीकडच्या गल्लीतल्या एका बहाद्दराने असाच फ्यूज गेल्यावर त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली होती. पुढच्या वेळी मीटर त्याच्या तळहातात फुटलं. आता तो भुवया पेन्सिलीने काढतो.

जावईबापू मात्र मनापासून हसले. "झालं? तुमचंच मीटर गेलं! आता कशाने मोजणार? राहू द्या, ताई. सोमवारी सकाळी काय ते कळेलच." आणि डब्याला वळसा घालून निघून गेले.

ताई गप्प झाली. गल्लीतले दोन रिक्षावाले बघत उभे होते. त्यांनी रिक्षा ढकलायला सुरुवात केली.

नवरा जवळ आला. "भाजलं?"

"नाही."

"तोंडात दोरा होता गं."

"आणि माझ्या डोक्यात जावईबापू." तिने जळकं टोक पुसलं, पाहिलं, बाजूला ठेवलं. खिळ्यावरची दुसरी वायर घेतली. "त्याच्यावर ओरडत होते आणि हात बॅटरीवर होते. बाप असता तर कानफटात मारली असती." मग ती मोठ्याने म्हणाली, "अहो, विचारा."

"लाल कुठे?"

"घरी." यावेळी तिने बोट लावून बघितलं, मग म्हटलं.

फ्यूज गेला तो करंटच्या भोकाचा. व्होल्टची वाट वेगळी, ती शाबूत होती. आणि एवढ्यावर ताईचं अडणार नव्हतं. गाडीच्या प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात. फ्यूज उपसायची गरज नाही. गाडी पुन्हा झोपू द्यायची, मीटर व्होल्टच्या हजाराव्या भागावर ठेवायचं आणि दोन टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवायची. फ्यूजमधून करंट वाहत असेल तर बारीकसा आकडा दिसतो. नसेल तर शून्य. दिव्यांचा फ्यूज: शून्य. भोंग्याचा: शून्य. मेलेल्या रेडिओचा: अर्थातच शून्य. एकोणीस फ्यूज, एकोणीस शून्यं.

"म्हणजे कुठूनच जात नाही?" काका घाबरून म्हणाले.

"म्हणजे फ्यूज चुकवून जातंय." तिचा आवाज इतका हळू झाला होता की नवऱ्याने मशीन थांबवलं. "कुणीतरी सरळ बॅटरीतून चोरवाट काढलीय. फ्यूज नाही, काही नाही."

ती बॅटरीच्या लाल टोकापासून बोटाने चाचपत निघाली. जाड वायरींच्या जुडग्याआड एक केसाएवढी लाल वायर लपवलेली. पत्र्याच्या भोकातून आत, पायपुसण्याखालून, सीटच्या रुळाशेजारून. रुळाजवळ ताई थांबली. सीट मागेपुढे सरकून वायरीचं कातडं घासलं गेलं होतं. आतलं तांबं चमकत होतं. रूळ लोखंडाचा. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये उरलं होतं नखाएवढं अंतर.

ती जागा बघताना तिला बादलीतला चर्र आवाज आला. अंगठीला निदान बादली होती. इथे टेकलं असतं तर वायर लाल झाली असती, खालचं पायपुसणं पेटलं असतं, आणि मागे चौदा पोरं.

वायर ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीत शिरली होती. नवऱ्याने पुढे होऊन सीट चाचपली आणि आता राग यायची पाळी त्याची. "ही शिवण माझी नाही!" तीस वर्षांत त्याचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "मी टाका असा घालतो? हा दोरा बघ! पोत्याचा दोरा! माझी सीट उसवून कुणी गोणी शिवलीय ही!"

त्याने पात्याने शिवण उसवली. फोममध्ये काळं डबडं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, कोमट. एक मिणमिणता हिरवा दिवा आणि जाळीचं बारीक छिद्र.

काकांनी डबड्यावर तळहात ठेवला आणि चटकन काढला. "ही... ही ऊब?"

ताईने डबडं उलटसुलट केलं. गाडी कुठे आहे ते सांगणारं आणि आतलं बोलणं दूर कुणाच्या तरी फोनवर ऐकवणारं. कुणाच्या, हे सांगायला मीटर लागत नव्हतं. तीन आठवडे काकांच्या पाठीशी कान लावून बसलेलं हे डबडंच बॅटरी पीत होतं, आणि त्याचा आळ काकांवर. काका पोरांना गाणी म्हणून दाखवायचे. एकटे असताना मेलेल्या बायकोशी बोलायचे. ते सगळं आठवून त्यांचा चेहरा उतरला. "ऐकलं असेल त्यांनी सगळं," एवढंच म्हणाले.

ताईने वायर तोडली नाही. डबडं तोंडाजवळ धरलं आणि शांतपणे बोलली, "व्हॅनमध्ये उघडी वायर रुळाला टेकायला आली आहे. आता पेटेल की मग पेटेल, सांगता येत नाही. फ्यूज नाही. ज्याने बसवली त्याने यावं." आणि डबडं सीटवर ठेवून दिलं.

"अगं, फोन कर ना," नवरा म्हणाला.

"कशाला? बघू कोण येतंय."

मग तिने काळं टर्मिनल सोडवून बाजूला बांधून ठेवलं. राग कितीही आला तरी उघडं तांबं जिवंत ठेवून वाट बघणारी ती नव्हती.

नऊ मिनिटं झाली. दहाव्या मिनिटाला जावईबापू हजर. घामाघूम, शर्टाची इस्त्री मोडलेली.

"पेटली का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"काय पेटली का?"

"ते... वायर उघडी आहे म्हणालात ना..."

"कुणाला म्हणाले?" ताई उठली. "मी फोन केला नाही. हे मशीनवर होते. काका माझ्यासमोर होते. मग सांगा, जावईबापू, मी कुणाला म्हणाले?"

खाई त्याला खवखवे. जावईबापूंचा हात आपसूक फोनच्या खिशाकडे गेला.

"डबा," ताई म्हणाली.

यावेळी तिन्ही अंगठ्या, घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, सगळं डब्यात पडलं. मग तिने त्यांना वाकवून रुळाशेजारचं तांबं दाखवलं. आणि गल्लीने जो आवाज ऐकला त्याची आठवण अजून निघते. "ही सीट पाहिलीत? हिच्या मागच्या सीटवर कोण बसतं? तुमची स्वतःची पोरगी! माझी भाची! म्हाताऱ्याच्या पाठीला कान लावायला तुम्ही पोरीच्या पायाखाली निखारा ठेवलात! आणि वर म्हणता, यांच्या हातात पोरं कशी द्यायची? तुमच्या हातात कशी द्यायची, ते सांगा आधी!"

"मला काय माहीत एवढंसं डबडं..." ते पुटपुटले. "ओळखीच्याने बसवून दिलं..."

"माहीत नव्हतं तर गप्प बसायचं! माहीत नसताना माणूस बोगस ठरवता येतो, नाही का?"

ताईने चोरवायर डबड्यासकट उपटून काढली आणि टर्मिनल पुन्हा जोडलं. संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, घरचा जावई आहे गं, जरा जपून बोलायचंस."

"जपूनच बोलले. पाना खाली ठेवून बोलले. तुझी पोरगी कुठे बसते ते विचार त्याला."

मग धाकटी एवढंच म्हणाली, "विचारते." आणि त्या घरात त्या दिवशी जे झालं त्यापुढे ताईचं ओरडणं म्हणजे अंगाई म्हणायची.

जावईबापू रविवारी काकांच्या दारात गेले. काय बोलले ते काकांनी कुणाला सांगितलं नाही. पण काकांनी अट घातली ती सगळ्यांना कळली: यापुढे गाडीत कुठलीही वायर ताईने बघितल्याशिवाय जाणार नाही, आणि सीट उसवायची तर शिवणाऱ्याला विचारून.

सोमवारी सकाळी ताई दुकान उघडून बसली होती. रोजच्यापेक्षा तासभर आधी. कुणी विचारलं असतं तर झाडू मारायला आले म्हणाली असती. वळणावर भोंगा वाजला. व्हॅन आली ती पहिल्याच किल्लीला चालू होऊन आलेली. काकांनी ती दुकानासमोर उभी केली. "एकदा बघून घेता का, ताई? मनाची शांती."

ताईने बॉनेट उघडलं, मीटर उचललं. बाकामागे जळक्या टोकाची लाल वायर खिळ्याला टांगलेली होती. टाकून दे म्हणणाऱ्याला ती म्हणे, "ती माझी आहे. राहू दे." ती बॅटरीवर वाकली आणि व्हॅनच्या खिडकीतून चौदा तोंडं एकदम ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज भाचीचा.

"मावशी, लाल कुठे?"

ताईचा हात थांबला. तिने काकांकडे रागाने पाहिलं. काका आकाशाकडे बघत होते. मग तिने वायरीवर बोट टेकवून खात्री केली.

"घरी!" ती खेकसली. "आणि डोकी आत घ्या आधी, कार्ट्यांनो!"

बारा पूर्णांक सहा.